मामानं तोंड बघितलंय

माझे यजमान मालोजी विरले यांनी नोकरीच्या काळात परदेशातून किती माणसं घरी पाठवली, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. जिवंत किती आणि पेटीतून किती, तेही नाही. निवृत्तीनंतर एक वार्ताहर कर्जतच्या आमच्या घरी आला होता, त्याने हेच विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "एकाचं विचारा. एकाचं सांगतो." वार्ताहराला एकाचं नको होतं. चहा पिऊन तो गेला. ते एकाचं मी इथे लिहिते आहे.

मालोजी कळंबचे. घरची भातशेती, वर भाजीपाला. आई लवकर वारली, तेव्हा धाकटी बहीण सुंदरा परकर सावरत घरभर फिरायची. तिची वेणी घालणं, तिला शाळेत सोडणं आणि मग स्वतः सायकलने कर्जतच्या शाळेत जाणं, हे मालोजी करत. वेणी तिरकी यायची. सुंदरा म्हातारी झाली तरी सांगायची, "माझा भांग आजून एका बाजूला जातो. दादाची करनी." लग्न होऊन ती कोंडाण्याला गेली. लेण्यांच्या वाटेवर, डोंगराच्या पायाशी तिचं घर. नवरा सहा-सात वर्षांतच गेला. पदरात एक मुलगा, जितेश. दीर दशरथ चांगला माणूस होता, त्याने शेत कसून दिलं. पण मुलाच्या बाबतीत काही ठरवायचं झालं की सुंदरा म्हणायची, "दादाला विचारते." शाळा कुठली, गोवराला औषध कुठलं, मुंज्याच्या झाडाखालून रात्री जावं की नाही, सगळं दादाला विचारून. दादानं सांगितलं म्हणजे ते खरं.

मालोजींना नोकरी लागली ती खोपोलीच्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून म्हणून. तिथे एका पाळीत यंत्रात एका कामगाराचा हात गेला. कंपनीने सांगितलं, तो त्या वेळी कामावर नव्हताच, पाळी नसताना गंमत म्हणून आत शिरला होता. मालोजींनी त्याला कामावर येताना पाहिलं होतं. चौकशीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यासमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी पाहिलं आहे." बाकी काही बोलले नाहीत. कामगाराला भरपाई मिळाली आणि मालोजींची नोकरी गेली. तो अधिकारी जाताना त्यांना म्हणाला, "तुम्ही आमच्या बाजूला या. परीक्षा द्या." त्यांनी दिली आणि केंद्राच्या कामगार खात्यात लागले.

आमचं लग्न त्यानंतरचं. माझं शिक्षण खंडाळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यांचं कळंबच्या मराठी शाळेत सुरू झालेलं. खाणींच्या गावात, बंदराच्या गावात बदल्या होत होत आम्ही दिल्लीला पोचलो. तिथे त्यांना मंत्रालयात आंतरराष्ट्रीय कामाच्या विभागात घेतलं. जून आला की जिनिव्हाची कामगार परिषद. जाण्याआधी ते भाषणाचा कागद मला मोठ्याने वाचून दाखवत. इंग्रजी उच्चार मी सुधारायची, वाक्यं सुधारायची नाही. वाक्यं त्यांचीच चांगली असत.

तिकडून आले की कोंडाण्याला जाणं ठरलेलं. सुंदरा चुलीशी भाकरी थापत त्यांची झडती घ्यायची.

"दादा, तिथं करतोस काय रं तू?"

"बोलतो. मालक लोक येतात, कामगारांचे पुढारी येतात, सरकारं येतात. सगळे मिळून ठराव करतात."

"कसला?"

"राबणाऱ्या माणसाला कसं वागवायचं, त्याचा."

"आन मंग वागवत्यात?"

"काही ठिकाणी."

"म्हंजे आपल्या ग्रामसभेवानीच की. फकस्त विमानात बसून जायचं."

मालोजी मोठ्याने हसत. असं हसणं मी दिल्लीत पाहिलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात त्यांना आखातातल्या एका शहरात आपल्या वकिलातीत पाठवलं, कामगारांचे अधिकारी म्हणून. सकाळी वकिलातीच्या फाटकाबाहेर माणसं उभी असत. कुणाचा पासपोर्ट मालकाने काढून घेतलेला, कुणाचा पगार अडकलेला, कुणी उंटांमागे धावायच्या कामाला वैतागून पळून आलेला आणि त्याला सांगितलेलं काम मात्र हॉटेलातलं. मालोजी एकेकाशी बसून बोलत. मराठी, हिंदी, आणि हळूहळू मोडकंतोडकं तेलुगू, मल्याळम. आणि मग मेलेली माणसं. उन्हाने, हृदय बंद पडून, परांचीवरून पडून, गाडीखाली.

मृतदेह भारतात पाठवायचा तर वकिलातीचा ना-हरकत कागद लागतो. सही टेबलावर बसून करता येते, सगळे तशीच करत. मालोजी शवागारात जात. तोंडावरचं कापड बाजूला करायला लावत, पासपोर्टावरच्या फोटोशी चेहरा ताडून पाहत आणि मग सही करत. सहकारी चेष्टा करत, "विरलेसाहेब, शिक्का मारायला चेहरा कशाला लागतो?" त्यांनी मला एकदा सांगितलं, "अगं, गावाला पोचेपर्यंत पुष्कळदा उघडण्यासारखं राहत नाही. म्हणजे शेवटचं तोंड पाहणारा मीच. घरच्यापैकी कुणीतरी नको का?" आणि पाहून झालं की ते त्या माणसाला हळूच म्हणत, "चला, घरी जायचं." मराठीतच. तो कुठलाही असो.

जितेश तोवर वेल्डिंग शिकून खालापूरकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला होता. कंत्राट संपलं आणि तो घरी बसला. सुंदराने फोनवर धोशा लावला. "एवढ्या जगाच्या पोरांचं बघतोस. भाच्याचं बघ की." मालोजी टाळत होते. ओळखीने माणूस आणायचा नाही, असा त्यांचा नियम होता. शेवटी त्यांनी एक कंपनी स्वतः तपासली, तिची राहायची जागा पाहून आले, पाण्याच्या टाकीत डोकावले, आणि मग त्याला बोलावून घेतलं. सुंदराला म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर राहील."

राहिलाही. शुक्रवारी सुट्टी, की हा आमच्या घरी. मी तांदळाची भाकरी आणि सुकट करायची.

"मामी, आमच्या आयेच्या भाकरीला धुराचा वास येतो. तुमच्या भाकरीला नाय येत."

"मग खाऊ नकोस."

"नाय नाय, पोट भरतंय ना. वासाचं मी गावी गेल्यावर बघीन."

मामाला तो फार घाबरायचा आणि मामाच्या मागे मामाची नक्कल करायचा. खोटाच चष्मा डोळ्यांवरून काढायचा, पुसायचा, खिशात ठेवायचा. मालोजींना हे ठाऊक होतं. ते मुद्दाम दुसऱ्या खोलीत जात.

दोन वर्षं होत आली होती. होळी जवळ आली होती, तो सुट्टीवर गावी जाणार होता. एका नव्या पाइपलाइनसाठी खोल चर खणला होता, त्यात खाली उतरून तो सांधा जोडत होता. बरोबर एक तेलंगणाकडचा मुलगा होता, एल्लय्या. चराची बाजू ढासळली. दोघंही गेले.

मालोजींना कार्यालयात फोन आला. संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांनी बूट काढले नाहीत, तसेच बसून राहिले. मी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सांगितलं. सुंदराला त्यांनी स्वतः कळवलं. तिचा आवाज मला टेबलाच्या पलीकडे ऐकू येत होता.

कागदपत्रं व्हायला आठवडा गेला. मग एका दुपारी ते शवागारात गेले आणि तासाभराने आले. तेवढ्यात सुंदराचा फोन. ती आता रडत नव्हती. तिने एकच विचारलं.

"दादा, तोंड बघितलंस?"

मालोजी म्हणाले, "हो गं, बघितलं. झोपल्यासारखा दिसत होता."

तिने फोन ठेवला. मालोजींनी चष्मा काढून पुसला आणि खिशात ठेवला.

त्यांना लगेच निघता येईना. जितेश राहायचा त्या छावणीतले कामगार काम बंद करून बसले होते आणि त्यांच्याशी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. पेटीबरोबर मी आले. दहाव्याला तुम्ही या, असं आमचं ठरलं.

कोंडाण्याला आणि आसपास आमच्या लोकांत एक रीत आहे. आईकडच्या माणसाने तोंड पाहिल्याशिवाय देह उचलत नाहीत. बिनलग्नाचा मुलगा असेल तर त्याच्या तोंडात पहिलं पाणी मामाचं, आणि अस्थीही मामाच घेऊन जातो. त्या दिवशी दिवस कलायला गाडी पोचली. अख्खं गाव उभं होतं. पेटी फोडली. आत पांढऱ्या कापडात आणि वरून प्लास्टिकात घट्ट गुंडाळलेला देह. एक म्हातारे म्हणाले, "तोंडावरचं सोडा रं. आयेला बघू द्या."

दशरथ सुरी घेऊन पुढे झाला आणि थांबला. वास येत होता.

"वयनी, सोडू का? का ऱ्हाऊ दे?"

सुंदराने त्या कापडावर हात ठेवला होता. ती म्हणाली, "नको. दादानं बघितलंय. झोपल्यासारखा दिसत व्हता म्हनला. माझ्या डोळ्यात तसाच ऱ्हाऊ दे."

म्हातारे म्हणाले, "मामानं तोंड बघितलंय म्हंजे झालं तर. मामाच्या वर कोन हाय?"

मामाच्या वतीने मी कापडावरूनच पाणी सोडलं. उल्हास नदीच्या काठाला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सावडलेल्या अस्थी छोट्या मडक्यात घालून, वर फडकं बांधून, घरासमोरच्या उंबराला टांगल्या. दहाव्याला मामा येईल आणि नाशिकला नेईल. रोज तिन्हीसांजेला सुंदरा त्या झाडाखाली दिवा लावायची आणि त्याच्याशी बोलत बसायची. आज कुणाच्या गाईला वासरू झालं, शिमग्याची पालखी यंदा आपल्या दारी थांबायची नाही, असं काहीबाही.

दहावा दोन दिवसांवर आला असताना मालोजींचा मला फोन आला. एल्लय्याच्या घरच्यांनी त्यांच्याकडे उशिरा पोचलेली पेटी उघडली होती. त्यांनी तोंड पाहिलं. तो त्यांचा मुलगा नव्हता.

ते पुढे सांगू लागले. "शवागारात पायाच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. वरिष्ठ म्हणतात, रुग्णालयाची चूक आहे, आपण तसं लेखी घेऊ." मग म्हणाले, "मी निघतोय. सुंदराला काही सांगू नकोस. मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोंडाण्याला आले. सुंदरा ओटीवर दहाव्याचे तांदूळ निवडत होती, दशरथ पत्रावळी मोजून ठेवत होता. मालोजी उभ्याउभ्याच बोलले. त्या दिवशी त्यांची भाषा आपोआप गावाची झाली.

"सुंदरा, आपन जाळला त्यो जितेश नव्हता."

तिने सुपातले तांदूळ हलवायचे थांबवले.

त्यांनी सगळं सांगितलं. जितेश तेलंगणातल्या एका रुग्णालयात बर्फात आहे. परवानगी मिळाली आहे, एल्लय्याचा भाऊ त्याला घेऊन येतो आहे. दशरथ आधी खाली बसला आणि मग उसळून उठला.

"हास्पिटलवाले मुडदे हायत साले! एवढी मोठी मोठी हास्पिटलं आन चिठ्ठी धड बांधता येत नाय? दादा, तुमी त्यांना सोडू नका. कोर्टात खेचा."

"हां," मालोजी म्हणाले.

"तुमचा काय दोष त्यात? तुमी तर..."

दशरथचं वाक्य तिथेच राहिलं. सुंदरा सावकाश म्हणाली, "दादानं तोंड बघितलं व्हतं."

तिने मालोजींकडे पाहिलं.

"बघितलं व्हतंस ना रं?"

मालोजींना सुटायला वाट होती. सुजला होता, ओळखू आला नाही, असं ते म्हणू शकले असते. वरिष्ठांनीही तेच सुचवलं होतं, हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, "नाय गं. दारातनं मागं फिरलो. पाय आत जाईना. तिथल्या माणसानं कागद बाहेर आणून दिला, त्यावर सही केली."

"झोपल्यासारखा दिसत व्हता म्हनलास."

"म्हनलो."

"आन ते मी गावाला सांगितलं."

"हां."

सुंदरा सूप बाजूला ठेवून उठली. मला वाटलं आत जाईल. ती अंगणात उंबराखाली जाऊन उभी राहिली आणि वर मडक्याकडे पाहू लागली.

"मंग ह्यो कोन?"

"एल्लय्या."

"आय हाय त्याला?"

"हाय."

तिने पदराने डोळे पुसले, पण रडू थांबलेलं नव्हतं. "एवढं दिस मी त्याला आपल्या घरचं सांगत बसले. त्याला काय कळलं आसंल?"

त्या संध्याकाळीही तिने दिवा लावला. या खेपेला बोलली नाही.

भावकीत कुजबुज झालीच. सुतक पहिल्यापासून धरायचं का? शिमगा दोन दिवसांवर आलेला. कुणी म्हणालं, "एका पोराचं दोनदा सुतक कुठं ऐकलंय?" कुणी मालोजींना ऐकू जाईल असं म्हणालं, "साहेब लोकांचं बघनं असंच असतंय. सही केली की बघितलं." मालोजी मान खाली घालून ओटीवर बसून होते. सुंदरा दारात आली आणि म्हणाली, "आधीचं सुतक एल्लय्याचं. आता माझ्या पोराचं धरा. ज्याला शिमगा खेळायचा आसंल त्यानं खेळावा."

गाडी दुसऱ्या दिवशी आली. एल्लय्याचा भाऊ चाळिशीचा, काळासावळा, हडकुळा माणूस. भिवंडीला यंत्रमागावर काम केलेला, त्यामुळे आपली मुंबईची हिंदी त्याला येत होती. उतरल्यावर त्याने आधी घराकडे, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. सुंदराला त्याने बरोबर ओळखलं. तिच्यापुढे हात जोडून म्हणाला, "अम्मा, हम लोग खोला तब मालूम पडा. माफ करना. तुम्हारा बेटा को बरफ में रखा. मेरा माँ रोज फूल भेजता था."

सुंदरा त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने झाडावरचं मडकं सोडवलं. फडकं बदलून नवं पिवळं फडकं बांधलं. भावाच्या हातात देताना ती मालोजींकडे न बघता त्यांना म्हणाली, "त्याला समजंल असं सांग. म्हनावं, दिवा रोज लागला. नाव चुकीचं घेत व्हते मी, पर दिवा चुकला नाय. त्याच्या आयेला सांगायला सांग."

मालोजींनी आयुष्यभर दुभाषाचं काम केलं होतं. मालकाचं मजुराला, मजुराचं सरकारला. मोठमोठ्या सभागृहांत केलं होतं. त्या दिवशी ते "अम्मा बोल रही है" एवढं म्हणून अडले. पुन्हा सुरू केलं. "दिया रोज जलाया. नाम गलत था." पुढचं त्या माणसालाच कळलं. त्याने मडकं छातीशी धरलं आणि तो अंगणाच्या कडेला जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. अस्थींखेरीज त्याला न्यायला काही नव्हतं. त्याच्या आईला तोंड दिसणारच नव्हतं, कधीच.

मग पेटी खाली घेतली. दशरथ म्हणाला, "वयनी, आता लई दिस झालंत. नको बघूस. खरंच नको."

"मी नाय बघत," सुंदरा म्हणाली. "दादा बघंल. दादा, सोड कापड. आन काय दिसतंय ते मला सांग. गोड करून सांगू नको."

ती ओटीच्या खांबाशी पाठ करून बसली. मी मालोजींच्या शेजारी होते, पण कापड सोडताना त्यांनी मला हाताने मागे सारलं. घट्ट गाठ होती. दशरथने सुरी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. गाठ सुटली. त्यांनी पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. गावातली माणसं नाकाला पदर, रुमाल लावून मागे सरकली होती. ते तसेच वाकून राहिले.

"सांग," सुंदरा म्हणाली.

"ओळखू येत नाय गं. तोंड काळं पडलंय. सुजलंय. ओठ फाटलेत."

"आन?"

"कपाळावरचे केस वळलेत, तसे. डावी करंगळी..." जितेश लहान असताना विळीवर त्याच्या करंगळीचं पेर गेलं होतं. "पेर नाय. त्योच हाय, सुंदरा."

खांबाशी तिची पाठ हलली. मग ती म्हणाली, "बरं. आता पानी पाज."

त्यांनी पाणी सोडलं. ते "चल, घरी जायचं" म्हणतील असं मला वाटलं होतं. ते काही म्हणाले नाहीत. तो घरीच होता.

परत गेल्यावर चौकशी झाली. रुग्णालयाचा दोष कागदावर स्पष्ट होता, तेवढ्यावर भागलं असतं. मालोजींनी स्वतःच्या निवेदनात लिहिलं की देह न पाहता मी सही केली. एक सहकारी मला म्हणाला, "वहिनी, असं लिहायची काही गरज नव्हती. देह पाहायचा असा नियमच नाही." ते खरं होतं. नियम त्यांचा एकट्याचा होता. त्यांच्यावर ठपका आला आणि त्यांना दिल्लीला परत बोलावलं. निवृत्तीच्या आधी एकदा पुन्हा जिनिव्हाला पाठवलं, सल्लागार म्हणून मागच्या रांगेत. आपल्या शिष्टमंडळाच्या टिपणात त्यांनी एक वाक्य घातलं होतं की परक्या देशात मेलेल्या कामगाराचं तोंड, देह पाठवण्याआधी, त्याला ओळखणाऱ्या माणसाने पाहावं. मला वाचून दाखवलं, तेव्हा मी उच्चारही सुधारले नाहीत. वरच्या साहेबांनी ते वाक्य खोडलं. इतकं बारीक इथे नको, म्हणाले.

कर्जतला आलो. रेल्वे फाटकापलीकडे घर घेतलं. ज्यांची मुलं बाहेर होती ते लोक येऊ लागले. खालापूर, चौक, नेरळ, माथेरानच्या हॉटेलांत काम करणारेही. त्यांची मुलं आता जहाजांवर, आखातातल्या हॉटेलांत होती. कुणाची पेटी येणार असली की मालोजी मुंबईला विमानतळावर जायचे. लोक त्यांना पेटीवाले साहेब म्हणू लागले. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना माहीत होतं. विमानतळाच्या मालाच्या दारात उभे राहून ते घरच्यांना सांगत, "उघडा. कसंही असलं तरी उघडा. एकाने तरी बघा." काहींना ते निर्दय वाटले. एका बाईने तर त्यांच्या अंगावर चप्पल उगारली होती.

सुंदरा येत-जात होती. भांडण नव्हतं. सणाला पुरणपोळ्या पाठवायची, त्यांना खोकला झाला तर अडुळसा आणून द्यायची. दादाच म्हणायची. पण "दादाला विचारते" हे तिच्या तोंडून गेलं. परत निघताना मालोजी म्हणायचे, कोंडाण्याची रिक्षा अजून गेली नाही. ती हो म्हणायची आणि फाटकाबाहेर जाऊन पानवाल्याला पुन्हा विचारायची, "बाबा, कोंडान्याची रिक्षा गेली का रं?" मालोजी खिडकीतून पाहत असत. एकदा मी म्हटलं, "अहो, तिच्या मनात तसं काही नसेल. सवय असते." ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे." आणि चष्मा काढून पुसला.

ते गेले तो दोन वर्षांपूर्वीचा माघ महिना. पहाटे छातीत दुखलं, सकाळी दवाखान्यात सगळं संपलं. आमची मुलगी श्रद्धा पुण्याहून आली. घरासमोर माणसं मावेनात. मी कधी न पाहिलेली माणसं, कुणाचे वडील, कुणाच्या बायका. दुपार कलू लागली तशी कुणीतरी म्हणालं, "आता उशीर नको, उचलू या." श्रद्धा म्हणाली, "आत्या आल्याशिवाय नाही."

सुंदरा टेंपोतून आली, पुढे चालकाशेजारी बसून. गुडघ्यांनी चालवत नव्हतं, दोघींनी धरून आणली. ती त्यांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "कापूस काढा डोळ्यावरचा. नीट बघू द्या."

काढला. तिने वाकून पाहिलं. कपाळ, भुवया, चष्म्याच्या दांडीचे कानाजवळचे वण. हनुवटीवरची दाढीची खुंटं तिने अंगठ्याने चाचपली. गर्दीतली एक बाई हुंदका देत म्हणाली, "झोपल्यासारखे दिसतात ना आत्या?"

"नाय," सुंदरा म्हणाली. "झोपल्यासारखा नाय. लई थकलाय. मेलाय माझा दादा."

मग तिने माझ्या हातातली वाटी घेतली, त्यांच्या ओठांवर पाणी सोडलं, ओघळलेलं पदराने टिपलं, आणि वर न बघता म्हणाली, "बघितलं मी. उचला आता."